कंपनीचाच प्रॉडक्ट विकत घ्या, पैसे पगारातून कापू : असं सर्क्युलर आलं तर काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकत असेल तर सांगा. नवी मुंबईत महापेला वॉटर प्युरिफायर बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही अकाउंट्सला आहात, प्रोबेशन अजून संपलेलं नाही, ग्रॉस 31 हजार. एचआरचं सर्क्युलर आलंय की पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाच्या घरी कंपनीचाच प्युरिफायर हवा, स्टाफ प्राइस 14,400, दर महिन्याला 1,200 असे वर्षभर पगारातून कापणार. शिवाय कंपनीचं ॲप स्वतःच्या फोनवर टाकायचं आणि त्याला पाच स्टार द्यायचे. तुम्ही कोपरखैरणेला भाड्याने राहता, घरात दुसऱ्या कंपनीचा चांगला चालू प्युरिफायर आहे, आणि मॅनेजर म्हणाले की कन्फर्मेशन तोंडावर आलंय, तेव्हा विचार करून ठरव. तुम्हाला विचारायचंय की हे कायद्यात बसतं का, आणि नाही म्हटलं तर नोकरीवर येईल का.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांचं एचआर आणि पेरोल बरीच वर्षं सांभाळलंय, आता वागळे इस्टेट आणि टीटीसी या औद्योगिक पट्ट्यांमधल्या लहान-मध्यम कंपन्यांना कंप्लायन्सचा सल्ला देते, त्यामुळे असली सर्क्युलरं कुठल्या मीटिंगमधून निघतात ते मला जवळून माहीत आहे. बहुतेक वेळा कोणी वाईट हेतूने बसलेलं नसतं. सेल्सचा आकडा कमी पडलेला असतो, कोणीतरी म्हणतं आपलीच माणसं आपलं वापरत नाहीत तर गिऱ्हाइकाला काय तोंडाने सांगायचं, सगळे माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी एचआरला मेल जातो. त्या खोलीत पगाराचा कायदा माहीत असलेलं माणूस असेलच असं नाही.

आता मुद्द्याचं. कंपनी आपला प्रॉडक्ट वापरायला सांगू शकते का, एवढंच विचारलं तर उत्तर हो असं आहे आणि त्यात गैरही काही नाही. ऑफिसच्या पॅन्ट्रीत कंपनीचाच प्युरिफायर असणार, बँकेतल्या माणसाचं सॅलरी अकाउंट त्याच बँकेत असणार, सॉफ्टवेअर कंपनीत कंपनीचंच सॉफ्टवेअर चालणार. 1980 मध्ये ॲपलचे त्या वेळचे प्रेसिडेंट माइक स्कॉट यांनी मेमो काढला होता की यापुढे कंपनीत टाइपरायटर विकत घ्यायचे नाहीत, कारण आपण कॉम्प्युटर बनवतो तर आपली पत्रंही त्याच्यावरच टाइप झाली पाहिजेत. 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉल मॅरिट्झ यांनी आपलं सॉफ्टवेअर आपल्याच ऑफिसात जास्त वापरा असा मेल टाकला, आणि तिथून 'डॉगफूडिंग', म्हणजे आपला माल आधी आपणच वापरून बघणं, हा शब्द या धंद्यात रुळला. आपल्याकडच्या मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये ही उदाहरणं हमखास येतात. पण एक गोष्ट त्यात सांगायची राहून जाते. ॲपलच्या त्या टेबलावरचा कॉम्प्युटर कंपनीने दिला होता, कंपनीच्या कामासाठी, कंपनीच्या पैशाने. कोणाच्या पगारातून त्याचे हप्ते गेले नाहीत.

म्हणून मी हा प्रश्न नेहमी असा फिरवून विचारते : वस्तू कामाच्या जागी आहे का घरात, पैसे कोणाचे जातायत, आणि नाही म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं. तुमच्या केसमध्ये वस्तू घरात आहे, पैसे तुमचे आहेत, आणि नाही म्हटलं तर कन्फर्मेशनची भीती घातली गेलीय. तिन्ही उत्तरं चुकीच्या बाजूला पडतात, त्यामुळे तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय.

कायदा आधी बघू. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यानेच दिलीय, आणि त्या यादीत नाही ते कापता येत नाही, मूळ नियम इतका सरळ आहे. आधी हे 1936 च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टच्या कलम 7 मध्ये होतं, आता वेतन संहिता 2019 च्या कलम 18 मध्ये आहे, आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय. तुमच्या मित्राने सांगितलं की 24 हजाराच्या वर पगार असेल तर हा कायदा लागत नाही, ते जुन्या कायद्याबद्दल बरोबर होतं. नव्या संहितेत पगार देण्याच्या आणि कपातीच्या नियमांना ती मर्यादा ठेवलेली नाही, सुपरवायझर-मॅनेजर लोकसुद्धा त्यात येतात. तेव्हा तुमचे 31 हजार आडवे येत नाहीत.

त्या यादीत गैरहजेरी, नुकसानभरपाई, कंपनीने दिलेलं घर, टॅक्स, पीएफ, कोर्टाचा आदेश, ॲडव्हान्सची वसुली, सहकारी सोसायटीचे हप्ते अशा गोष्टी आहेत. 'कंपनीने पुरवलेल्या सोयी आणि सेवा' असाही एक प्रकार आहे आणि एचआरवाले बहुतेक वेळा त्याच्याकडे बोट दाखवतात. पण त्यालाही सरकारने परवानगी दिलेली असावी लागते, आणि त्या सोयीची जेवढी किंमत असेल त्यापेक्षा जास्त कापता येत नाही. कामासाठी लागणारी हत्यारं किंवा कच्चा माल तर त्या 'सेवे'त धरतच नाहीत, तसं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कंपनी जर म्हणाली की प्युरिफायर घरी वापरणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे, तर मग ते कामाचं साधन झालं आणि ते कंपनीने द्यायला हवं. आणि कामाचा भाग नसेल तर तो तुमच्या घरचा खासगी निर्णय आहे. दोन्ही बाजूंनी 1,200 रुपये कापायला जागा उरत नाही.

हे कलम असं कडक का झालं त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या मुंबईचाच आहे. गिरण्यांमध्ये कापड खराब निघालं की ते विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून वळती करायचे, मग तो बिचारा ते कापड मिळेल त्या भावाला विकत बसायचा. इंग्लंडमध्ये मजुरीऐवजी मालकाच्या दुकानातला माल द्यायच्या पद्धतीविरुद्ध 1831 मध्येच ट्रक ॲक्ट आला होता. आपल्याकडे कामगारांच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात दंड आणि कपातीवर कायदा करा असं सुचवलं आणि 1936 चा कायदा आला. मालकाचा माल मजुराच्या पगारातून खपवायचा नाही हे आपण इतक्या आधी ठरवलंय, तेव्हा महापेच्या एसी ऑफिसमध्ये ते पुन्हा सुरू होऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता पेरोलमधली आतली गोष्ट, आणि हे नीट वाचा कारण तुमच्या केसमध्ये सगळं इथेच ठरणार आहे. एचआरमधल्या जाणत्या माणसाला 'प्रॉडक्ट डिडक्शन' असं पेस्लिपवर दाखवता येत नाही हे माहीत असतं. म्हणून मग ते दुसऱ्या रस्त्याने येतं. तुमच्याकडून एक छोटा फॉर्म सही करून घेतात, वर लिहिलेलं असतं 'सॅलरी ॲडव्हान्स रिक्वेस्ट' किंवा 'एम्प्लॉयी परचेस स्कीम, स्वेच्छेने सहभाग'. कागदावर गोष्ट अशी होते की तुम्हीच 14,400 चा ॲडव्हान्स मागितला, कंपनीने दिला, आणि त्यातून तुम्ही तुमच्या मर्जीने प्युरिफायर घेतला. ॲडव्हान्सची वसुली यादीत बसते, एकूण कपात पगाराच्या 50 टक्क्यांच्या वर जात नसेल तर हिशोबही बसतो. कंपनीत पतपेढी असेल तर तिच्या कर्जातूनही हे फिरवतात. म्हणजे सर्क्युलर कितीही कडक असू दे, ते तुमच्या सहीशिवाय लुळं आहे. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 च्या कलम 16 मध्ये वरचढ माणसाने आपल्या स्थानाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती येते आणि ती नंतर रद्द करून घेता येते, पण सही करून मग दबाव सिद्ध करत बसण्यापेक्षा सहीच न करणं कितीतरी सोपं आहे.

कुठलाही फॉर्म आला तर जागेवर सही करू नका, 'वाचून उद्या देतो' म्हणा आणि फोटो काढून ठेवा. सर्क्युलरची कॉपी पर्सनल मेलवर फॉरवर्ड करू नका, काही कंपन्या तेवढ्यावरून पॉलिसी मोडली म्हणतात, त्यापेक्षा त्यातली वाक्यं आणि तारीख लिहून ठेवा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्याही सांगते. तुम्ही प्रोबेशनवर आहात. प्रोबेशन असताना कंपनी नोटीस देऊन थांबवू शकते आणि कारण 'परफॉर्मन्स' एवढंच लिहू शकते, त्यामुळे कायदा तुमच्या बाजूला आहे म्हणून नोकरी सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये अशी अट आधीपासून असेल तर चित्र थोडं बदलतं, कारण मग कंपनी म्हणेल की तुम्ही मान्य करून आलात, तरी पगारातून कापायचा प्रश्न कायद्यापुढे तसाच राहतो, करारात लिहिलं म्हणून यादीबाहेरची कपात यादीत येत नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल आणि दुसरी नोकरी हातात नसेल तर तुम्ही किती ताणायचं ते तुम्हीच ठरवणार, त्यात बाहेरच्या माणसाने शूरपणा शिकवू नये.

पण माझ्या अनुभवात 'नाही' कसं म्हटलं यावर फार अवलंबून असतं. तोंडी वाद घातला, ग्रुपवर चिडून लिहिलं, की तो माणूस 'ॲटिट्यूड प्रॉब्लेम' म्हणून लक्षात राहतो. तेच शांतपणे, एका छोट्या मेलमध्ये, मदतीची तयारी दाखवून लिहिलं तर एचआरलाही तो वर पाठवायला सोपा जातो. मेल साधारण असा असू दे : सर्क्युलर मिळालं, धन्यवाद. मी भाड्याच्या घरात राहतो, भिंतीला ड्रिल करायला आणि नळाचं कनेक्शन बदलायला घरमालकाची परवानगी लागते, घरी सध्या चालू प्युरिफायर आहे, त्यामुळे या वेळी मी खरेदी करू शकत नाही आणि त्यासाठी पगारातून कपातीला माझी संमती नाही. कंपनीने ट्रायलसाठी युनिट दिलं तर मी ते वापरून लेखी फीडबॅक आनंदाने देईन. बस. कायद्याचं कलम पहिल्या मेलमध्ये टाकू नका. समोरच्याला माघार घ्यायला वाट राहिली पाहिजे, आणि 'संमती नाही' हे दोन शब्द मात्र मेलमध्ये हवेतच, बाकी काही गाळलं तरी चालेल.

मॅनेजरशी बोलताना कन्फर्मेशनचा विषय त्यांनी परत काढला तर भांडू नका, फक्त संध्याकाळी त्यांना मेल टाका की आज आपलं बोलणं झालं, कन्फर्मेशनसाठी प्युरिफायर घेणं ही अट आहे असं मला समजलं, ते बरोबर आहे ना. हे कोणी लेखी 'हो' म्हणत नाही. बहुतेक वेळा उत्तरच येत नाही, नाहीतर 'तसं काही नाही' असं येतं, आणि दोन्ही तुमच्या उपयोगाचं आहे.

तुमच्या घरचा विचार केला तर अजून एक गोष्ट आहे जी सर्क्युलर लिहिणाऱ्याने बघितलेली नाही. नवी मुंबई महापालिका बहुतेक भागाला मोरबे धरणाचं पाणी देते, धरणाच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) सहसा कमीच असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत नसेल तर आरओची (क्षारही गाळून काढणाऱ्या प्युरिफायरची) गरज आहे का तेच आधी तपासायला हवं, युव्ही (किरणांनी जंतू मारणारा) किंवा साध्या फिल्टरने भागत असेल. ज्या घरात आरओची गरज नाही तिथे तो लावायचा, निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं, वर्षाला एएमसी (देखभालीचा करार) आणि फिल्टर बदलायचा खर्च करायचा, हे फक्त ऑफिसात हजेरी लागावी म्हणून. 14,400 मध्ये हा खर्च धरलेला नसतो. तेव्हा ज्यांना खरंच घ्यायचाय त्यांनीही विचारावं की दुसऱ्या वर्षीचा एएमसी किती, वॉरंटी बाहेरच्या गिऱ्हाइकाएवढीच आहे का, बिल माझ्या नावाचं मिळणार का, आणि बाजारात ऑनलाइन हाच मॉडेल किती रुपयांना आहे. स्टाफ प्राइस ऑनलाइन सेलच्या भावापेक्षा जास्त निघाल्याचं मी बघितलंय. आणि नोकरी मध्येच सोडली तर राहिलेले हप्ते फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशोबातून, एकदम कापणार का, हे तर नक्कीच विचारावं, लोक तिथे अडकतात.

ॲप आणि पाच स्टारचं वेगळं बघू. कामासाठी ॲप लागत असेल, म्हणजे हजेरी किंवा सर्व्हिस कॉल त्याच्यावर असतील, तर कंपनी सांगू शकते, पण तुम्ही अकाउंट्सला आहात आणि ते ग्राहकांचं ॲप आहे, तेव्हा टाकताना लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, फोटो या परवानग्या बंद ठेवा. रिव्ह्यूबद्दल मात्र मी ठाम आहे : देऊ नका. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने भ्रामक जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात शिफारस करणाऱ्याचं कंपनीशी नातं असेल तर ते उघड करायला सांगितलंय. त्याच वर्षी ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानकही आलं. स्टाफने ग्राहक असल्यासारखे पाच स्टार टाकले तर उद्या फसगत ते वाचून प्युरिफायर घेणाऱ्या घराची होते. तुमच्या नावाच्या, तुमच्या जीमेलच्या अकाउंटवरून ते जातं, कंपनीच्या नाही. हे एचआरला सांगताना 'कंपनीलाच यातून त्रास होऊ शकतो' असं सांगा, ते पटकन ऐकतात.

हाच प्रश्न दुसऱ्या धंद्यात असलेल्यांनाही पडतो म्हणून थोडं. कपड्यांच्या शोरूममध्ये फ्लोअरवर ब्रँडचेच कपडे घालायला लावत असतील तर तो युनिफॉर्म झाला, तो कंपनीने द्यावा. गेटच्या आत दुसऱ्या कंपनीची गाडी नको असं म्हणणं कंपनीच्या जागेपुरतं चालतं, फोर्डने 2006 मध्ये डिअरबॉर्नच्या ट्रक प्लांटजवळच्या पार्किंगला असाच नियम लावला होता, दुसऱ्या ब्रँडवाल्यांनी लांब लावायची, पण गाडी बदला असं म्हटलं नव्हतं. सगळ्यात वाईट प्रकार इन्शुरन्सचा. मार्च एंडला टार्गेट भरायला स्टाफ स्वतःच्या, बायकोच्या, आईच्या नावाने पॉलिसी काढतो, दुसऱ्या वर्षी प्रीमियम झेपत नाही आणि पॉलिसी लॅप्स होते, भरलेले सगळे पैसे परत मिळत नाहीत. प्युरिफायर एकदाच जातो, पॉलिसी पंधरा वर्षं गळ्यात असते. कोणी नुकतीच अशी घेतली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांचा फ्री लुक असतो, त्यात परत करता येते, ती तारीख आजच बघा.

मॅनेजमेंटमधलं कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगायचंय. सक्तीने माल खपवलेल्या एका कंपनीत काय झालं ते मी जवळून बघितलंय : अर्ध्याहून जास्त लोकांनी सील न फोडता ते युनिट सेकंड हँड साइटवर टाकले, 'बॉक्स पॅक' म्हणून, डीलरच्या भावापेक्षा कमीत. मग डीलर भडकले की तुमचीच माणसं आमचा धंदा मोडतायत. आणि ज्यांनी घरी लावले त्यांच्यातल्या एकानेही तक्रार नोंदवली नाही, कारण ज्याला घ्यायला भाग पाडलंय तो खरं बोलून अजून त्रास कशाला ओढवून घेईल. याउलट रबाळ्याच्या एका छोट्या कंपनीने सात-आठ इच्छुक घरांना युनिट फुकट ट्रायलला दिले, घ्यायची सक्ती नाही, फक्त दर आठवड्याला काय खटकलं ते लिहायचं. त्यातून कळलं की फिल्टरचा अलार्म रात्री वाजतो आणि लहान मूल असलेल्या घरात लोक तो प्लगच काढून ठेवतात. हे कुठल्याच टेस्टिंगमध्ये आलं नव्हतं. पुढे त्यातल्या बऱ्याच घरांनी तो मशीन स्वतःहून विकत घेतला.

परत तुमच्याकडे येते. समजा मेल पाठवूनही पुढच्या पेस्लिपमध्ये 1,200 कापले गेले, तर आधी बघा कुठल्या नावाने कापलेत, 'ॲडव्हान्स' लिहिलं असेल तर 'मी ॲडव्हान्स मागितलेला नाही, सही केलेला अर्ज असेल तर दाखवा' एवढंच लेखी विचारा. पेरोलची चूक म्हणून पुढच्या महिन्यात परत येतात, बहुतेक ठिकाणी प्रकरण इथेच संपतं. नाही संपलं तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात साधा अर्ज करता येतो, पेस्लिप, मेल आणि सर्क्युलरमधली वाक्यं जोडून. नव्या संहितेत असा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यात ती एकच वर्ष होती, त्यामुळे कन्फर्मेशन होईपर्यंत थांबायचं ठरवलंत तरी तुमचा हक्क जात नाही. हक्काच्या रकमेपेक्षा कमी पगार दिला तर कंपनीला 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दावा ऐकणारे अधिकारी कापलेल्या रकमेवर नुकसानभरपाईही देऊ शकतात.

तुमच्यासारखेच अजून कोणी ऑफिसात नाराज असतील, असणारच, तर सगळ्यांनी मिळून एकच मजकूर पाठवू नका, ते कट केल्यासारखं दिसतं आणि ज्याने लिहिला त्याला शोधत बसतात. ज्याने त्याने आपल्या घरचं खरं कारण लिहून आपापला मेल टाकावा, एकाच आठवड्यात. एचआरच्या इनबॉक्समध्ये असे दहा-बारा मेल साठले की 'कंपल्सरी'चं 'ऐच्छिक' असं सुधारित सर्क्युलर निघायला फार वेळ लागत नाही. मेल पाठवायच्या आधी मजकूर इथे टाकलात, नाव-कंपनी काढून, तर मी बघून सांगेन.